किंमत तीच, ब्रेक नवे

"मागचं डिरेलर बघून भुलू नका, मॅडम."

लातूरच्या त्या सायकलच्या दुकानात मी गुडघ्यांवर बसून एका नव्याकोऱ्या रोड बाइकखाली मान घालून बघत होते, तेव्हा डोक्यावरून हा आवाज आला. मी वर पाहिलं. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या पेरांत खडूची पूड. एका हातात ब्रेकपॅडचं पाकीट. आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी त्याचाच सल्ला घ्यायला इथवर आले असावे.

न विचारता सल्ला देणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यातून सल्ला खरा निघाला तर मुळीच नाही. कारण मग प्रश्न पडतो – याला यात काय मिळतं?

"भुलले नाही," मी म्हटलं. "पण का भुलू नये, ते तरी सांगा."

तो शेजारी उकिडवा बसला. "गिऱ्हाईक आधी हेच बघतं. गिअर बदलणारा हा मागचा तुकडा. म्हणून कंपनी इथं नावाजलेला माल लावते. आता जरा पुढं या… हा क्रँक, पायडल ज्याला जोडलेलं असतं तो. बिननावाचा. ब्रेक बिननावाचे. चाकांच्या मधले हब तर विचारूच नका. कोरोनाच्या आधी एवढ्याच पैशात अख्खा संच एका चांगल्या कंपनीचा मिळायचा. आता भाव चढले आणि माल उतरला."

"नाव सोनुबाई –"

"– हाती कथलाचा वाळा. हाव, तसंच."

गल्ल्यावरचे मालक मोठ्यानं खाकरले. त्यानं आवाज खाली आणला. मला तो आवाज आवडला, आणि आवडला म्हणून मी लगेच सावध झाले.

"मग काय, रोड बाइक घेऊच नये?"

"घ्यावी की. फ्रेम बघून घ्यावी. पार्ट मागाहून बदलता येतात, फ्रेम न्हाई बदलता येत." तो जरा थांबला. मानेवरून हात फिरवला. "खरं तर… माझ्याकडं एक हाय. विकायची हाय."

आलं! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. म्हटलं नव्हतं, पाणी कुठंतरी मुरतंय म्हणून? दुकानातल्या मालाला नावं ठेवायची आणि आपला माल खपवायचा.

"कुठले तुम्ही?"

"नांदेडचा. राघवेंद्र. फिजिक्स शिकवतो, तिथल्या एका क्लासमध्ये."

आता तर माझे दोन्ही कान उभे राहिले. मी लातूरच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. क्लासच्या धंद्यात नांदेड आणि लातूर ही दोन गावं एकमेकांकडे कशी बघतात, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. निकाल लागला की एकच पोरगा दोन्ही गावांतल्या फलकांवर हसताना मी पाहिलाय. आणि नांदेडचा सर लातूरच्या दुकानात, भर फेब्रुवारीत, शिकवायच्या ऐन हंगामात?

"मावसभावाचा साखरपुडा होता," मी न विचारताच तो म्हणाला. "म्हटलं जाता जाता ब्रेकपॅड घ्यावेत."

मी त्याचा नंबर घेतला. सायकलसाठीच. दुसऱ्या कशासाठी घेणार?

शंका घेणं हा माझा दोष नाही, ते आमच्या घराण्याचं वाण आहे. माझे बाबा अनंतराव किल्लारीचे. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तिथं आमचं घर आहे. बाबा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघतात. लग्नघरीसुद्धा. रंगाकडे बघत नाहीत, आवाज ऐकतात. ती रात्र मी पाहिली नाही, मी त्यानंतर वर्षभरानं जन्मले. आईनं माझं नाव मृण्मयी ठेवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते म्हणे, "मातीवर अजून भरवसा ठेवायचा का?" आई म्हणाली, "ठेवायचा." मी मात्र बाबांवर गेले.

त्यातून पुण्याचा एक इंजिनियर नशिबात आला होता. प्रत्येक भेटीला काहीतरी आणायचा, गोड बोलायचा. सुपारी फुटायला आठवडा राहिला आणि कळलं, की ज्या कंपनीत तो रोज डबा घेऊन जात होता ती केव्हाच बंद पडलीय. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. कुणी माझ्याशी चांगलं वागलं की मला घाम फुटतो.

राहिली सायकल. क्लासमध्ये दिवसभर उभं राहून पाय आणि घसा दोन्ही धरतात. पहाटे कॉलेजातल्या जुन्या सायकलवर दोन चकरा मारल्या की मी माणसात येते. एखाद्या रविवारी लातूरहून किल्लारीला बाबांकडे सायकलनंच जायचं, हे माझ्या मनात होतं. त्या जुन्या खटाऱ्यावर ते होण्यातलं नव्हतं. आणि मला फसायचं नव्हतं – सायकलीत नाही, माणसात तर नाहीच.

नांदेडला माझी गोदावरी आत्या राहते. त्यामुळं रविवारी तिकडं जायला मला निमित्त शोधावं लागलं नाही. अहमदपूर, लोहा करत एसटी चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी करडई पिवळीधमक फुललेली. बघायला छान, हात लावला की काटे. मी खिडकीतून बघत एकच विचार करत होते, की हा माणूस काय लपवत असेल?

त्याच्या अंगणात कडुनिंबाखाली ती उभी होती. गडद निळी, बारीक अंगाची. मी जाऊन फ्रेमच्या नळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग खालच्या नळीवर. मग कान लावला.

"वाजवून बघायलात?" राघवेंद्र म्हणाला. "टरबूज न्हाई ते."

"आमच्याकडं सगळंच वाजवून घेतात." आणि मग, का कोण जाणे, मी त्याला बाबांच्या भिंती वाजवण्याबद्दल सांगितलं. लोक हे ऐकून हसतात, नाहीतर 'अरेरे' करतात. त्यानं दोन्ही केलं नाही. तो मला त्याच्या घराच्या भिंतीपाशी घेऊन गेला.

"ही बघा बरं वाजवून. पक्की हाय का?"

मी वाजवली. "पक्की आहे."

"बरं झालं. आईला सांगतो, तिला लई काळजी असते." तो हे इतक्या सरळ बोलला, की मला त्याच्याकडे बघवेना. मी घाईनं पर्समधून चुंबक काढला. जुन्या स्पीकरमधला, कायम जवळ असतो. क्रँकच्या दातेरी चकतीला लावला. टक्!

"लोखंड," मी म्हटलं. "वरून ॲल्युमिनियमसारखा रंग दिलाय."

"मी सांगणारच होतो."

"सगळे सांगणारच असतात."

मी सायकल गल्लीत फिरवून आणली. फ्रेम खरंच छान होती. पायाला लगेच उत्तर देणारी. पण ब्रेक! दाबले की नुसतेच किंचाळायचे आणि सायकल आपली चाललेली. एका म्हशीनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

"हे ब्रेक आहेत की भोंगा?"

"मान्य," तो म्हणाला. "एक आठवडा द्या. बदलून ठेवतो."

"आणि किंमत?"

"तीच."

"एवढी चांगली फ्रेम विकताय कशाला?"

"याच कंपनीची दुसरी घेतली, वरच्या दर्जाची. ही नुसती उभी राहते."

"ती दिसत नाही कुठं."

"ती… सर्व्हिसिंगला दिलीय." हे बोलताना तो माझ्याकडे नाही, म्हशीकडे बघत होता. मी ते टिपून ठेवलं.

पुढच्या रविवारी ब्रेक बदललेले होते. साधेसुधे नाहीत, चांगल्या जपानी संचातले, नवे वाटावेत इतके स्वच्छ. एका बोटानं दाबले तरी सायकल जागच्या जागी. शहाण्या बाईनं तेव्हाच सायकल घेतली असती. पण मी म्हटलं, "ब्रेक ठीक. पण क्रँक लोखंडीच आहे."

"लोखंडीच हाय."

"मग?"

"मग… पुढचा रविवार."

तेवढ्यात अवकाळी पाऊस आला. आभाळाला कुणी विचारलंही नव्हतं, आणि थेंब असे टपोरे, की दोघांनी मिळून सायकल उचलून ओसरीत आणली. तिची दांडी एका बाजूनं मी धरली होती, एका बाजूनं त्यानं. सायकल ठेवून झाली तरी दांडी कुणीच सोडली नाही. आत त्याची आई चहाला आलं ठेचत होती, तो वास आणि ओल्या कडुनिंबाचा वास… मग मी माझा हात काढून घेतला, ओढणी नीट करायला. ओढणी नीटच होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्हाला सायकल घ्यायची हाय, का नुसती नापसंत करायची हाय?"

"आणि तुम्हाला विकायची आहे, का नुसती दुरुस्त करत बसायची आहे?"

त्यानं ओल्या दांडीवरून रुमाल फिरवला. पाऊस बराच वेळ बोलत राहिला.

परतीच्या एसटीत शेजारच्या मावशींनी टोपली मांडीवर घेत विचारलं, "सासरी चालली का माहेरी, बाई? हसायली म्हणून इचारलं."

"सायकल बघायला गेले होते," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे फार कीव करत पाहिलं.

मग क्रँक बदलला गेला. चुंबक लावला तर चिकटेना. किंमत तीच. त्यानंतर मी चाकांवर घसरले. हब जड फिरतात, आऱ्या ढिल्या आहेत म्हटलं. पुढच्या खेपेला चाकं बदललेली. हलकी, भिंगरीसारखी फिरणारी. किंमत तीच! आणि त्याची ती दुसरी, वरच्या दर्जाची सायकल? कधी मित्रानं नेलेली, कधी क्लासवर राहिलेली. मी येते त्या दिवशी ती कधीच घरी नसायची.

आता तुम्हीच सांगा. ज्या बाजारात कंपन्या दर वर्षी एक चांगला पार्ट काढून तिथं हलका लावतात आणि भाव वाढवतात, त्या बाजारात हा एक माणूस हलका काढून चांगला लावतो आणि भाव तिथंच ठेवतो. असं कुणी करतं का?

मला तो आवडायला लागला होता. स्पष्टच सांगते. शिकवताना फळ्यावर हृदयाची आकृती काढायची तर हात उगीच थबकायचा, पोरं हसायची. आणि म्हणूनच भीती वाटत होती. पुण्याचा तोही दर भेटीला काहीतरी आणायचाच की. पुन्हा एकदा आतून पोकळ माणूस निघाला असता तर मी कुणालाच कधी 'हो' म्हणू शकले नसते.

उत्तर मिळालं आमच्या स्टाफरूममध्ये. क्लासचे मालक आप्पासाहेब सर तणतणत आत आले. "फोडला! आपला केमिस्ट्रीचा सर नांदेडवाल्यांनी फोडला!" त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. "असंच करतात ते. डायरेक्ट पगाराचं बोलत न्हाईत. आधी नुसता चहा. मग एखादी भेटवस्तू. मग माणूस लाजेखातर जातोच. सगळे सावध राहा बरं. मृण्मयी मॅडम, तुम्ही तर लईच सावध राहा. बायोलॉजीला सध्या लई मागणी हाय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. चहा. आल्याचा चहा! मग ब्रेक. मग क्रँक. मग चाकं.

सगळं जुळलं. नांदेडचा फिजिक्सचा सर, लातूरच्या दुकानात, प्रवेशाच्या तोंडावर. मावसभावाचा साखरपुडा म्हणे! मला फोडायला पाठवलं होतं त्याला. मला एवढा राग आला होता, की दुपारच्या बॅचला मी मूत्रपिंडाऐवजी यकृत शिकवून मोकळी झाले.

तरी म्हटलं, पुरावा हवा. मी गोदावरी आत्याला फोन केला. "आत्या, त्या राघवेंद्रची जरा चौकशी कर. गुपचूप. नेमका कसा माणूस आहे, काय उद्देश आहे, सगळं."

"चौकशी?" आत्याचा आवाज एकदम मऊ झाला. "हाव गं माझी बाय. करते की."

आता आमच्याकडे मुलीच्या बाजूनं मुलाची चौकशी एकाच कामासाठी होते, हे मला सुचायला हवं होतं. मला सुचली ती फक्त नांदेडच्या क्लासची कारस्थानं. दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन.

"पोरगा लाखात एक हाय बघ. सुपारीचं खांड खात न्हाई. आईला सकाळचा चहा करून देतो. घर स्वतःचं. शेजारीण म्हणली, कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई."

"आत्या, क्लासचं काय कळलं?"

"कसल्या क्लासचं? त्याच्या आईशी लई बोलले मी. तिला तू पसंत हायस. आनि हे बघ, पत्रिका आणलीय."

"काय आणलंय?"

"पत्रिका! तुझ्या बाबाला पाठवू का आधी तुला दाखवू?"

मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. भिंत वाजवून बघायचंही भान नव्हतं. मिनिटभरात पुन्हा फोन वाजला. या वेळी राघवेंद्र.

"मृण्मयी मॅडम…" त्याचा आवाज हसत होता, पण जरा थरथरतही होता. "सायकलला चुंबक लावला, चाललं. माझी डायरेक्ट पत्रिकाच मागवलीत?"

"गैरसमज आहे!" मी ओरडलेच. "रविवारी येते. तुमच्या घरी नाही, नांदेडच्या एसटी स्टँडवर या. सगळं स्पष्ट बोलायचं आहे."

"स्पष्टच बोलू," तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, चांगलं काहीतरी असेल.

स्टँडवर गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरू वाजत होते. राघवेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. सायकलनं आलेला दिसत होता. पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला. त्याला तसं बघून माझा अर्धा राग गळून पडला, म्हणून उरलेला मी घट्ट धरला.

"तुमच्या मालकांना सांगा," मी म्हटलं, "लातूरची बायोलॉजीची मॅडम विकाऊ नाही."

"काय?"

"ब्रेक, क्रँक, चाकं… आणि किंमत तीच. मी काय बावळट आहे? आधी चहा, मग भेटवस्तू. असंच फोडता ना तुम्ही लोकांना? आमचा केमिस्ट्रीचा सर फोडलात, आता मी!"

तो नुसता बघत राहिला. हसला नाही, चिडलाही नाही. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू मावळलं.

"तुम्हाला फोडायला आलो होतो… असं वाटलं तुम्हाला," तो म्हणाला. "एवढे रविवार."

"मग दुसरं काय कारण असणार?"

"दुसरं कारण सुचलंच न्हाई का ओ तुम्हाला?" तो वळला. "जाऊ द्या. सायकल घ्यायची नसली तर घेऊ नका. पण माझ्या आईच्या हातचा चहा त्यात धरला, ते लागलं."

तो गेला. खांबाला टेकवलेली सायकल घेतली, टांग मारली. मी तिथंच उभी. मला वाटलं, मी बरोबरच आहे. चोर सापडला की असाच तोंड पाडून जातो. पण मग पाय परतीच्या गाडीकडे का वळेनात?

स्टँडच्या दारात एक एसटी आडवी आली. राघवेंद्रनं ब्रेक दाबले, आणि ते किंचाळले.

तो आवाज मी ओळखला. त्याच भोंग्यासाठी एका म्हशीनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं होतं.

"थांबा!" मी पळत सुटले. "राघवेंद्र सर, थांबा!"

त्यानं थांबायचा प्रयत्न केला, हे मला मान्य केलं पाहिजे. पण ते ब्रेक कुणाला थांबवतात? पाय घासत, रसाच्या गाड्याला हात टेकवून कसाबसा थांबला. घुंगरू उगीचच जोरात वाजले. मी धापा टाकत पोचले आणि आधी सायकलकडे पाहिलं. सुंदर लाल फ्रेम, वरच्या दर्जाची. त्यावर माझे – म्हणजे मी नाकारलेले – ब्रेक. ढिल्या आऱ्यांची चाकं. पर्समध्ये हात घातला, चुंबक काढला आणि खाली वाकून क्रँकला लावला. टक्.

रसवाला थांबून बघायला लागला.

"ही तुमची ती दुसरी सायकल," मी म्हटलं. "कधीच घरी नसणारी."

त्यानं मोज्यात खोचलेला पँटचा पाय ओढून बाहेर काढला.

"हिचे चांगले पार्ट काढून तिला लावलेत. आणि तिचे हिला."

"टाकून कसे द्यायचे? मला बी सायकल लागतेच की रोज." त्यानं हँडलवरची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती.

"का?"

"सांगितलं तर पुन्हा शंका घ्याल."

"घेईन. तरी सांगा."

त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सगळं एकदम चांगलं दिलं असतं… तर एका रविवारात सायकल घेऊन निघून गेला असता तुम्ही."

घोषणा, घुंगरू, रिक्षा, सगळं चालूच होतं. मला काही ऐकू येईना.

"म्हणजे फसवलंच तुम्ही मला," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता.

"हाव. एवढं मात्र फसवलं."

मी त्याच्यावर किती शंका घेतल्या होत्या! माल खपवतो, काहीतरी लपवतो, फोडायला आलाय. एवढ्या सगळ्या शंकांत ही एकच घ्यायची राहिली होती, की मी आवडत असेन.

"आणि या ब्रेकवर तुम्ही रोज क्लासला त्या विष्णुपुरीच्या रस्त्यानं जाता? ट्रकच्या गर्दीत?"

"हळू जातो."

"वेडे आहात का? काही झालं असतं म्हणजे?" आणि मला रडूच आलं. भर स्टँडसमोर, रसवाल्याच्या देखत. त्यानं खिशातून रुमाल काढला. त्याला एका टोकाला खडू आणि एका टोकाला चेनचं तेल लागलेलं होतं. मी मधल्या भागानं डोळे पुसले.

"पत्रिकेचं काय ते…" तो चाचरत म्हणाला, "ती आईनं दिली. मी देऊ नको म्हटलं न्हाई, एवढंच."

"मला क्लासबद्दल चौकशी करायची होती."

"आता कळलं." तो पडेल हसला. "मग परत मागून घेऊ का पत्रिका?"

"राहू द्या आत्याकडं," मी म्हटलं.

रसवाल्यानं न सांगता दोन ग्लास भरले.

मग आम्ही त्याच्या घरी गेलो. मी मांडी घालून फरशीवर बसले आणि म्हटलं, पाना द्या. ब्रेक, क्रँक, चाकं – ज्याचं त्याला परत. तो 'कशाला', 'राहू द्या की' करत होता, मी ऐकलं नाही. आतून आई मधूनच डोकावायची आणि काहीच न विचारता जायची. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. एकदा दोघांची बोटं एकाच नटवर आली, आणि तो नट घट्ट व्हायला उगीचच फार वेळ लागला.

निळी सायकल मी घेतली, लोखंडी क्रँकसकट. ब्रेकला तेवढे नवे पॅड त्यानं लावून दिले, पहिल्या भेटीत हातात होते तेच. तरी ठरल्या किमतीला ती जरा महागच पडली, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलंही. तो म्हणाला, "हाव, महागच हाय. आता काय, सगळं दिसतंयच तुम्हाला."

सगळं दिसत होतं खरं. दोन्ही सायकली अंगणात आपापल्या पार्टांनिशी उभ्या होत्या. लपवायला काही उरलं नव्हतं, बदलायलाही नाही. तो हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता.

"सायकल तर झाली," तो हळूच म्हणाला. "म्हणजे आता… रविवारी नांदेडला यायचं तुम्हाला काही कारण न्हाई राहिलं."

मी खूप शोधलं. खरंच एकही कारण नव्हतं. वाजवून बघण्यासारखं, चुंबक लावण्यासारखं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही तपासायचं नव्हतं.

"नाही राहिलं," मी म्हटलं. "येते पुढच्या रविवारी. आणि मला मॅडम म्हणू नको."